टीव्हीवरची लाल रेघ

आदिलाबादच्या एका खासगी दवाखान्यात मनकर्णा सिस्टर ऑपरेशनच्या वेळी कॅमेरा धरायची. साल सत्त्याण्णव. पोट न फाडता, बोटाएवढ्या भोकांतून पित्ताची पिशवी काढणारे त्या भागात एकटे डॉक्टर सुधाकरराव. भोकातून दुर्बीण आत जायची आणि आतलं सगळं टीव्हीवर दिसायचं.

डॉक्टरांनी एक युक्ती काढली होती. आधी एक्स-रे काढायचा, त्यातली पित्तनळी पारदर्शक प्लास्टिकवर लाल शाईनं उतरवायची आणि ते प्लास्टिक टीव्हीच्या काचेला चिकटवायचं. चरबीखाली दडलेली नळी कुठून जाते, ते कापायच्या आधीच कळावं. पण पहिल्याच खेपेला रेघ भलतीकडे पडली. का, ते मनकर्णेनं शोधलं. तिनं दुर्बिणीसमोर आलेखाचा कागद धरला. मधले चौकोन सरळ दिसले, कडेचे फुगलेले. दुर्बीणच रेघा वाकवत होती. महिनाभर ती तासभर आधी येऊन, किती अंतरावर किती वाकते ते वहीत उतरवत राहिली आणि त्या मापानं लाल रेघ दुरुस्त करून दिली. मग रेघ बरोबर नळीवर बसू लागली. डॉक्टर नांदेडच्या सभेत म्हणाले, ‘ही माझी पद्धत.’

दिवाळीनंतर भैंशाजवळच्या खेड्यातल्या विमलबाई पित्ताच्या खड्यांची पोटदुखी घेऊन आल्या.

“मले भेव वाटते वं बाई.”

“भिऊ नका मावशी. मी हाय ना तेथं.”

नेमकी त्याच आठवड्यात जुनी दुर्बीण बिघडली. नागपूरहून दुसरी आणलेली. ऑपरेशन पाहायला तीन पाहुणे डॉक्टर आलेले.

“साहेब, दुर्बीण बदलली. जुनं माप चालनार नाही. आता पद्धत ठाव हाय, अर्धा तास द्या, कागद धरून पाहते.”

“पाहुने उभे हायेत, सिस्टर.”

“रेघ सरकंल, साहेब.”

“डॉक्टर कोन हाय इथं? कॅमेरा धर.”

तिनं धरला. धरला नसता तर, हा विचार पुढं कित्येक वर्षं तिच्या मानेवर बसून राहिला.

डॉक्टरांनी लाल रेघेपासून बोटभर लांब, बिनधास्त कात्री चालवली. नळीच कापली जाऊन पडद्यावर हिरवट पित्त पसरलं. चौथ्या दिवशी विमलबाईंचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. हैदराबादला नेऊन पोट पूर्ण उघडावं लागलं. जीव वाचला, पण अंगातला ताप आणि कावीळ जाईना.

डॉक्टरांनी मनकर्णेपुढं कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, कॅमेरा हलल्यामुळं इजा झाली.

“सही कर. नर्सला कोनी काही करत नाही. नोकरी राहील तुई.”

“कॅमेरा हलला नव्हता, साहेब.”

दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

वही घेऊन ती विमलबाईंच्या गावी गेली. त्यांचे नवरे उद्धवराव अंगणात उभे होते. बस म्हणाले नाहीत, आतून कुणी पाणीही आणलं नाही. तिनं चौकोनांची पानं उघडून समजावायला सुरुवात केली, तसा त्यांनी हात आडवा केला.

“डॉक्टरसायबानं सांगतलं सारं. हात थरथरला म्हने तुमचा. देवमानूस हाय तो, आता फुकट औषध देऊन राह्यला. तुमच्या लोकायच्या हाती असं काम द्यालेच नको होतं.”

दारातून खाटेवरच्या विमलबाई दिसत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि भिंतीकडं कूस बदलली.

पुढच्या वर्षी डॉक्टरांचा लेख छापून आला. त्यात फुगलेल्या चौकोनांच्या आकृत्या होत्या, तिच्याच वहीवरून उतरवलेल्या. वही तर ती दवाखान्यात कपाटावर उघडीच ठेवायची. नाव कुठंच नव्हतं. तिच्या हातून कॅमेरा हलला, ही गोष्ट सगळीकडं पोचली होती, म्हणून कुठलाही दवाखाना तिला घेईना. शेवटी जवळच्या मावला गावात पोरांना लस टोचायचं काम मिळालं.

पोराला मांडीवर धरून बसलेल्या एका बाईनं विचारलं, “हात हलका हाय तुमचा, सिस्टर. आधी कोठं होत्या?”

“कोठंच नाही,” मनकर्णा म्हणाली आणि सुई मोडून डब्यात टाकली.