कुणी न वाचलेला सिम्बॉल

कीबोर्डवरची ती आडवी रेघ पार पुसली होती — बाकीची अक्षरं धडधाकट, ही एकच कळ गुळगुळीत... सिम्बॉलच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या खुणेच्या, नावातले शब्द जोडायला हीच रेघ लागते, आणि कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून सव्वीस वर्षांत ताईंनी अशी दोनशे बारा नावं जोडली होती. त्यांना अभिमान वाटला, अगदी उघड उघड.

शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या. त्याआधी प्रत्येक मॅक्रोची — सिम्बॉल बनवणाऱ्या कोडच्या तुकड्याची — माहिती लिहून द्यायची होती : बिल्ड सुरू होताना, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बांधला जाताना, तो समोरच्या संगणकाला काय विचारतो, उत्तर हो आलं तर कोणता सिम्बॉल तयार करतो, आणि तो सिम्बॉल पुढे कोण वाचतं. दोनशे अकरा झाले होते. एकेक म्हणजे एकेका यंत्राची मोडलेली खोड — एकाचं घड्याळ भलतंच सांगायचं, दुसरं मोठी फाइल दिसली की हातपाय गाळायचं... सगळ्यांना वठणीवर आणलं मी, एकटीनं.

शेवटचा उरला होता तो त्यांचा लाडका. यंत्र आकड्याचे तुकडे कुठल्या टोकाकडून मांडतं, हे तो विचारायचा. त्याच्यापायी तीन आठवडे जेवणाची शुद्ध नव्हती, लेक तापानं फणफणलेली, सासूबाईंच्या गळ्यात टाकलेली — आणि साहेब म्हणाले होते, हे तुम्हीच करू जाणता. तेवढ्या वाक्यावर माणूस किती वर्षं काढतं.

कोण वाचतं? त्यांनी कोडभर शोध घेतला. शून्य. पुन्हा घेतला... शून्य. मग आठवलं. वाचणारी फाइल त्यांनीच काढली होती, अकरा वर्षांपूर्वी, अधिक चांगली रीत सुचली म्हणून. मॅक्रो राहिला — विसरल्या, की हात धजावला नाही? तेव्हापासून दर बिल्डला तो इमानेइतबारे विचारत होता आणि उत्तर कुणी ऐकत नव्हतं.

"झाला का ताई?" त्यांचं काम घेणारी सहकारी शेजारून म्हणाली. "त्याच्याबद्दल फार ऐकलंय मी."

"होतोय गं."

'इतर कामांसाठी राखीव,' त्यांनी लिहिलं. कोण तपासणार होतं? कुणी नाही... म्हणूनच ते डोळ्यांत सलायला लागलं. त्यांनी पुसलं आणि लिहिलं : 'हा सिम्बॉल कुणी वाचत नाही. काढला तरी काही बिघडणार नाही.'

तिनं वाकून वाचलं. "म्हणजे... काढू?"

या कोडमध्ये काय राहायचं नि काय जायचं, हे आजवर ताईंखेरीज कुणी ठरवलं नव्हतं.

"तुझं तू ठरव."

त्यांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तेव्हा जे वाटलं, तो अभिमानच असावा... बहुतेक.