कासवाचा रुमाल

इटलीतल्या सिएना गावात घोड्यांच्या शर्यतीच्या चार दिवसांत वैरी आळ्यांमधले नवरा-बायको एका छपराखाली झोपत नाहीत. फियामेत्ता गोगलगाय आळीची, तिचा नवरा रुज्जेरो कासव आळीचा. हसायचं नाही! घोड्यांच्या शर्यतीत गोगलगाय काय नि कासव काय, असं बाहेरगावच्यांनी खुशाल म्हणावं. इथं त्या दोन आळ्या पिढ्यान् पिढ्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत.

तोरिनोहून तिघं एकाच गाडीतून आली. गावाच्या वेशीपाशी रुज्जेरोनं आपली बॅग उचलली, बायकोच्या गालावर ओठ टेकवले आणि आईकडे निघून गेला. फियामेत्ता पोरीला घेऊन बापाकडे गेली. दर वर्षी असंच चालायचं आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

भांडणाची जागा एकच होती, ती म्हणजे पोर. ओर्तेन्सिया आठ वर्षांची. आळीच्या कारंज्याचं पाणी डोक्यावर पडलं आणि गळ्यात रुमाल बांधला, की माणूस त्या आळीचं झालं, ते मरेपर्यंत. पुसता येत नाही, बदलता येत नाही. म्हणून लग्नाआधीच दोघांनी शपथ घेतली होती, मूल दहा वर्षांचं झालं की त्यालाच विचारायचं. तोवर रुमाल नाही, पाणी नाही. शर्यतीच्या चौकात एक वर्ष बापाबरोबर उभं राहायचं, एक वर्ष आईबरोबर. यंदा फियामेत्ताची पाळी होती.

ऑगस्टचं ऊन म्हणजे नुसता तवा. चौकाची दारं बंद झाली होती, आता शर्यत संपेपर्यंत ना आत ना बाहेर. मुंगीला शिरायला जागा नव्हती. गोगलगाय आळीचा घोळका घसे खरवडून गात होता. फियामेत्ताही गात होती. तेवढ्यात ओर्तेन्सियानं कपाळावरचा घाम पुसायला फ्रॉकच्या खिशातून काहीतरी काढलं.

पिवळा आणि निळा. कासवाचा रुमाल.

शेजारच्या जाड्या देल्फोनं गाणं मध्येच तोडलं. "अगं फियामेत्ता, तुझ्या घरात कासव शिरलंय की!" आणि आजूबाजूचे सगळे फिदीफिदी हसले.

"कुठून आणलास हा?" फियामेत्तानं विचारलं. आवाज शांत होता, आणि तोच वाईट.

"माझाच आहे."

"दुकानातून घेतलास?"

"नाही. जूनमध्ये मी आजीकडे राहिले होते ना, तेव्हा. कारंज्यापाशी खूप मुलं होती. पाणी गार होतं." पोरीनं रुमाल मुठीत दाबला. "आजी म्हणाली, आईला इतक्यात सांगू नकोस."

फियामेत्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सुट्टीला म्हणून पोर पाठवायची, आणि सासूबाईंनी तिला परस्पर कासव करून परत पाठवायची! वर तीन वेळा फोनवर "पोरीची काळजी करू नकोस हो, मजेत आहे." मजेत!

"बाबांना माहीत आहे?"

"बाबांनीच फोटो काढले."

झालं. तिनं पोरीचं मनगट पकडलं आणि कासवांच्या घोळक्याकडे घुसली. कोपरानं ढकललं, पायांवर पाय दिले, एका म्हाताऱ्याची टोपी पाडली. "अहो बाई, डोळे फुटले का?" "हो, फुटले होते, आत्ता उघडले!" असं म्हणत ती पुढे सरकत राहिली. मागे पोर "आई, हात दुखतोय," म्हणत होती. तिला ते ऐकू आलं नाही असं नाही, तिनं ऐकून घेतलं नाही.

रुज्जेरो कठड्याला टेकून उभा होता, गळ्यात तोच पिवळा-निळा रुमाल. बायकोला तिथं बघून त्याचा चेहरा उतरला आणि तिला उत्तर मिळालं.

"केसानं गळा कापलास तू माझा!" ती ओरडली.

नेमका तेव्हाच चौक गप्प झाला. घोडे कोणत्या क्रमानं दोरापाशी उभे राहणार, ते पुकारत होते, आणि त्या वेळी सिएनात बाळसुद्धा रडत नाही. हजारो माणसांच्या शांततेत तिचे शब्द घुमले. चहूकडून "शूऽऽ!" झालं.

"नंतर बोलू," रुज्जेरो कुजबुजला.

"नंतर? शपथ घेतली होतीस तू! तिला विचारायचं होतं!"

"आई सत्तर पार झाली गं. एकच हट्ट होता तिचा. मला नाही म्हणवेना."

"मग मला सांगायचं तरी! दोन महिने मिठाची गुळणी धरून बसलास! माझ्याबरोबर जेवलास, झोपलास, आणि एका शब्दानं..."

"तुम्ही गोगलगायी काय धुतल्या तांदळासारख्या आहात का?"

"आहोत! माझ्या बापानं कधी तिच्या अंगाला थेंब लागू दिला नाही. आजारी माणूस, खिडकीत खुर्ची टाकून बसतो, नातीच्या गळ्याकडे बघतो आणि गप्प राहतो. शब्द पाळला त्यानं!"

घोडे दोरापाशी आले, बिथरले, मागे फिरवले, परत आले. कुणीतरी शिव्या घातल्या. घोड्यांना की या दोघांना, देव जाणे.

"आई," ओर्तेन्सिया म्हणाली. "ओरेस्ते आजोबांनी पण केलंय."

"काय केलंय?"

"पाणी. मी दोन वर्षांची होते म्हणे, मला आठवत नाही. माझा गोगलगायीचा लाल-पिवळा रुमाल आहे त्यांच्या कपाटात. काल दाखवला. आईला इतक्यात सांगू नकोस म्हणाले."

रुज्जेरोनं आ वासला. तोफ धडाडली, दोर पडला, चौक एका घशानं किंचाळला. घोडे सुटले. माणसं कठड्यावर चढली, एकमेकांच्या खांद्यांवर चढली. आणि फियामेत्ताच्या छातीत बापाचा राग यायला हवा होता, तिथं वेगळंच काहीतरी उसळलं. तिनं नवऱ्याच्या छातीवर बोट रोवलं.

"आमचं आधी झालं!" ती ओरडली. "ऐकलंस? सहा वर्षं आधी! पोर आमची आहे! तुझ्या आईचं पाणी गेलं गटारात!"

"दोन वर्षांच्या पोराचं धरत नाहीत!"

"धरतात! पाळण्यातल्यांचंही धरतात! विचार कुणालाही!"

"फसवेगिरी आहे ही!"

"तू बोलतोस? तू?"

मग पुन्हा तोफ उडाली. शर्यत संपली होती. पुरतं दीड मिनिटही नसेल. वर्षभर वाट बघितलेली शर्यत त्यांच्या पाठीमागून निघून गेली आणि दोघांनी एकही घोडा पाहिला नाही. भलत्याच आळीचे लोक रडत, नाचत मैदानात धावत होते. कासवंही हरली होती, गोगलगायीही.

फियामेत्ता धापा टाकत होती. तिनं खाली पाहिलं. पोरीनं हात कधीच सोडवून घेतला होता, मनगटावर आईच्या बोटांचे लाल वळ होते. ती दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"मला विचारायचं होतं ना?" ओर्तेन्सिया म्हणाली.

रुज्जेरोनं मान खाली घातली. फियामेत्तानं तोंड उघडलं. आता तरी विचारावं, असं तिच्या मनात आलं. पण जिभेवर जे आलं होतं ते तिला स्वतःला ऐकू आलं: गोगलगायच ना गं, राणी? तिनं तोंड मिटलं.

दारं उघडली. गर्दी सुटली. पोरीनं रुमालाचा बोळा बापाच्या हातात दिला आणि पुढे चालू लागली. दोघांनी दोन बाजूंनी हात पुढे केले, तिनं एकही धरला नाही.