चाळीस जण

चामोर्शीच्या बाजारातला सुक्या मासळीचा वास नूतन बसते त्या मोबाइलच्या दुकानापर्यंत येतो.

तिच्या स्क्रीनवर एका मुलीची माहिती: उंची पाच फूट एक. वर्ण सावळा. अपेक्षा: निर्व्यसनी.

मार्कंड्याच्या जत्रेत कोणीतरी आकाशपाळण्यातून व्हिडिओ काढला. साडेतीन हजार लाइक.

"तुह्या साइटवर येते कोन?"

हे गुणवंतराव तो व्हिडिओ दाखवत म्हणाले. ते बौद्ध वधू-वर मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची साइट नूतनने बांधलेली, सांभाळायचीही तीच.

"सगळे दिवसभर रील पाहून राह्यले, नूतनबाई. तुही साइट म्हंजे ग्रामपंचायतीचा फळा. फेसबुकसारखी कर. फोटोखाली लिहाले जागा ठेव, लाइक लाव. ज्याले जास्त, तो वर."

"भाऊ, लग्नाच्या पोरी हायेत त्या. जत्रेतला पाळणा नाई."

"मंग व्हॉट्सअॅपवरच जमवतीन लोक लग्नं. आपन बसू सत्कार करत. आन लाइक करनाऱ्यायची नावं दाखवू नको, लाजतेत लोक. नुसता आकडा ठेव."

एका दुपारचं काम होतं. तिने केलं. कोणी बटण दाबलं ते साइट लक्षात ठेवत नव्हती, फक्त आकडा वाढायचा. नवे फोटो, गोऱ्या मुली, सरकारी नोकरीतली मुलं वर चढली. जुने फोटो खाली सरकत गेले. सगळ्यांत तळाशी, 'आणखी पाहा' दाबल्यावर दिसणारी, तिची मोठी बहीण रंजीता. मुलचेऱ्याच्या दवाखान्यात नर्स. निळी साडी, मागे स्टुडिओतला रंगवलेला धबधबा.

आकडा हाताने बदलता येत होता. नूतनने रंजीताचा बदलला. बदलल्यावर काही वाटलं नाही. उठून तिने भात लावला.

शनिवारी रंजीता घरी आली ती बंगाली दुकानातला रसगुल्ल्यांचा डबा घेऊन.

"पाह्यलं का? चाळीस! एकदम वर हाय मी."

"चाळीस?" आई, केसरबाई, डबा उघडत म्हणाली. "त्यातला एक तरी दाराशी यील का? का सगळे वरातीलेच येतीन?"

तिघी हसल्या. रंजीता जास्त वेळ हसत राहिली. मग हळूच म्हणाली, "नूतन, तुले तं दिसत असतीन नावं. मालकीन हायेस ना साइटची."

"नाई दिसत."

"एकाचंही नाई?"

"तसंच बांधलं मी."

रंजीताने नवा फोटो काढून घेतला. या खेपेला मागे धबधबा नव्हता.

वरचा फोटो सगळ्यांना आधी दिसतो. तळाशी असताना रंजीताच्या फोटोखाली कोणी काही लिहिलं नव्हतं. आता लिहिलं: 'ही बाई तं लय सालापासून इथीच हाय. मंडळानं नोकरीवर ठेवली का?' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. नूतनने ते पुसलं, तोवर रंजीताचा फोन आला.

"वाचलं मी."

"माहिती काढून टाकू का तुही?"

"काऊन? एकानं लिहिलं तं लिहू दे. चाळीस लोकायले आवडली ना मी." पलीकडे दवाखान्यात कोणीतरी खोकत होतं. "काल एकाले पट्टी बांधून देत होती. तो सारखा माह्याकडं पाहून राह्यला होता. त्यातला असन का गं?"

नूतनसमोर साइट उघडी होती.

"असन," ती म्हणाली.

"मले बी तसंच वाटलं. पुन्हा बोलावलं हाय त्याले, पट्टी बदलाले."

गुणवंतराव खूश होते. गडचिरोलीच्या दुसऱ्या दोन मंडळांना तशीच साइट हवी होती. नूतनने दोन्ही कामं घेतली.

रंजीता दर शनिवारी येत राहिली. आल्यावर आधी मोबाइल उघडायची, आकडा पाहायची, मग पाय धुवायची. तो चाळीसच असायचा. पट्टीवाल्याबद्दल तिने पुन्हा काही सांगितलं नाही, आणि नूतनने विचारलं नाही.

नूतनने आकडा खोडून चाळीस लिहिले तेव्हा तिथे शून्य नव्हतं. एक होता.