राखणदाराची वाटी

“चीक झाला गं, वाट्या घेऊन या! पयली वाटी राखणदाराची!”

द्वारकाबाईंची ही हाक एकेकाळी जुन्या जालन्यातल्या त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. आज कुरडयांसाठी गच्चीवरच्या चुलीवर गव्हाचा चीक हलवताना सासूची तीच हाक सत्यशीलाच्या कानात घुमत होती. एवढ्यात जिन्यात काठीची टकटक ऐकू आली.

शेजारची सलमा एकेक पायरी चढत आली. गहू भिजत घातल्यापासून तिच्या राखणीचा हा चौथा दिवस. सुजलेले गुडघे पसरून ती कठड्याला टेकली आणि काठी आडवी धरली.

“कशाला चढलीस गं? या गल्लीत आता एक तरी बकरी राह्यली का?”

“राखण म्हंजे राखण, वैनी. माझ्याच बकरीनं तोंड घातल्तं ना!”

चौतीस उन्हाळ्यांमागं सत्यशीला नवी सून होती. भिजवलेल्या गव्हाचं पाणी रोज बदलायचं. नेमकं तेच ती विसरली. गव्हाला वास सुटला. सासू समोर उभी राहिली तशी घाबरून बोलून गेली, शेजारच्या बकरीनं तोंड घातलं म्हणून. पायलीभर गहू उकिरड्यावर गेला. सलमाही तेव्हा नवी नवरीच. मान खाली घालून म्हणाली, पुढच्या साली मी राखणीला बसते. तेव्हापासून तिनं एक साल चुकवलं नव्हतं.

चीक रटरटायला लागला. चाटू फिरवणारा सत्यशीलाचा हात थांबला.

“सलमा, तुझ्या बकरीनं तोंड घातलंच नव्हतं. मीच पाणी बदलायचं विसरल्ते. खोटं बोलले.”

“हात चालवा, वैनी. गुठळ्या होतील.”

“मी काय म्हणले ते ऐकलंस का?”

“ऐकलं की. बकरी त्या हप्त्यात बदनापूरला होती, माझ्या अब्बाकडं.”

सत्यशीला चुलीकडून तिच्याकडं वळली.

“मंग तवाच बोलली का न्हाईस?”

“तुमच्या सासूबाईंनी सोडलं असतं का तुमाला?”

“अन् इतकी वर्षं राखणीला बसलीस ती?”

सलमानं ओढणीआडून घरून आणलेली वाटी काढली आणि पुढं धरली.

“पयली वाटी कुणाची असती, वैनी? टाका. अन् वरून तेल जरा जास्त.”