माईंचं नाताळचं पाप

माईंच्या नावावर आयुष्यात एकच पाप होतं, आणि ते त्या वर्षातून एकदा, न चुकता, ट्रेझाच्या घरी जाऊन करत. नाताळच्या सकाळी ट्रेझा चर्चमधून परतली की अंबरनाथ पश्चिमेच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर, माईंसाठी एक पेला तयार असे. दूध, साखर, जायफळ आणि अंडं. एगनॉग म्हणतात त्याला. माईंच्या घरात अंडं कधी फ्रिजच्या दारातसुद्धा आलेलं नाही. मुलगा यज्ञेश ऑम्लेट खातो ते स्टेशनजवळच्या गाडीवर, आणि बडीशेप चघळत घरी येतो. अशा घरातल्या माई देवाचं नाव घेऊन, डोळे मिटून तो पेला रिकामा करत. करणार काय? दोघींचे नवरे फॅक्टरीत एकाच सेक्शनला होते, क्वार्टर्समध्ये दोघी शेजारी होत्या. माईंना टायफॉइड झाला तेव्हा पेज करून आणणारी आणि यज्ञेशला शाळेत सोडणारी ट्रेझाच. तिच्यापुढे अंड्याची ती काय कथा.

पाप म्हटलं की प्रायश्चित्त आलंच. सव्वीस तारखेला माई कडकडीत उपास करत. कसला, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. सून हिमानीने लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारलं, तर माई म्हणाल्या, "आमच्याकडचा आहे." झालं. हिमानी गुणाची पोर, तीही धरू लागली. तिने बदलापूरच्या बहिणीला, वैदेहीला सांगितलं, आणि आता वैदेहीच्या सोसायटीतल्या चार बायकाही त्या दिवशी साबुदाणा भिजवतात. व्रतं अशीच सुरू होत असावीत, दुसरं काय.

यंदा मात्र घोळ झाला. ट्रेझा बाथरूममध्ये घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मुलगा मस्कतला, त्याला रजा नाही. नाताळच्या आदल्या दुपारी माई विचारपूस करायला खाली उतरल्या, तर ही खुर्चीत बसलेली, तोंड उतरलेलं.

"या वर्षी एगनॉग कॅन्सल," ट्रेझा म्हणाली. "केक आणलाय बेकरीतून. चर्चची माणसं येतील त्यांना कोकम सरबत देईन. चालतं."

माईंना ते चालेना. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा या बाईने एगनॉग चुकवलं नव्हतं. आणि आता एका हातापायी नाताळला पाहुण्यांपुढे सरबत? 

"मी करते," त्या म्हणाल्या, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते.

"तू? अंडी फोडशील?"

"पिते ना? मग फोडायला काय धाड भरली?"

ट्रेझा काहीतरी बोलणार होती. पण तिने मानेनेच अंड्यांचा ट्रे दाखवला.

पहिलं अंडं ओट्यावर सांडलं. दुसरं फुटलं, पण अर्धं टरफल त्याच्याबरोबर भांड्यात पडलं. तिसऱ्याला माईंनी इतक्या हळूच टोचलं की ट्रेझा म्हणाली, "माई, ते झोपलंय का? जोरात मार." पदर नाकाला लावून, मनात रामरक्षा म्हणत माईंनी अखेर सगळी फोडली, पिवळा बलक वेगळा काढला आणि साखर घालून फेटला. बिचाऱ्या रामाला काय वाटलं असेल ते तोच जाणे.

"आता दूध. गरम पाहिजे, पण उकळतं नको," ट्रेझाने बसल्या जागेवरून हुकूम सोडला. "नाहीतर अंडं शिजून गुठळ्या होतील."

"हे मला सांगू नकोस," माई म्हणाल्या. उभ्या जन्मात ज्या बाईने कढी फुटू दिली नाही, तिला कोण शिकवणार? पळीपळीने दूध घालत, एका हाताने ढवळत त्यांनी पातेलं असं सांभाळलं की ट्रेझासुद्धा मान उंच करून बघत राहिली. मग मंद आचेवर जरा दाट केलं, जायफळ किसून घातलं, आणि तळहातावर थोडंसं घेऊन चाखलं.

"हे ते नाही," माई म्हणाल्या.

"तेच आहे."

"नाही. तुझ्याला हा असा उग्र वास येत नाही. रंग पण पिवळाधमक असतो. काय घालतेस ते नीट आठव."

"एवढंच घालते, गं बाई."

माईंनी आणखी साखर घातली, आणखी जायफळ किसलं. पुन्हा चाखलं. छे. आणि माईंचा पारा चढला. पदार्थ सांगताना एक जिन्नस मागे ठेवणाऱ्या बायका त्यांनी काय कमी पाहिल्या होत्या? सख्ख्या जावेने अनारसे असेच शिकवले, माईंच्या अनारशाला जन्मात जाळी पडली नाही. पण ती जाऊ होती, जावांचं असतंच. ट्रेझाने असं करावं?

"मी काय आज पहिल्यांदा पितेय?" माई म्हणाल्या. "हातचं राखून सांगतेस. माझ्यापासून?"

हे मात्र ट्रेझाला झोंबलं. तिने डाव्या हाताने वर बोट दाखवलं. "ते कपाट उघड. मागे डबा आहे, तो काढ."

माईंनी डबा काढला. कस्टर्ड पावडर होती. कोपऱ्यात शाकाहारीचा हिरवा ठिपका.

"ते तुझं," ट्रेझा म्हणाली. "अंड्याचं आमचं. तुझं पातेलं पहिल्यापासून वेगळं असतं. दूध, केशर आणि हे. अंडं तू आज पहिल्यांदा चाखलंस, माई. माझ्यासाठी करायला आलीस म्हणून. आणि मी मघाशीच अडवायला हवं होतं तुला."

माई स्टुलावर बसल्या. खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं सोवळ्यात गेली, फुकटात. पण त्यांना वाटलं ते असं की कुणीतरी घरात शिरून हातातल्या पाटल्या काढून नेल्या.

"म्हणजे मी तुझ्यासाठी काहीच केलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि वर उपास करत बसले."

"कसला उपास?"

माईंनी सांगितलं. हिमानीचं सांगितलं, बदलापूरचंही सांगितलं. ट्रेझा आधी तोंड दाबून, मग उघड हसायला लागली, इतकी की प्लास्टरमधला हात दुखायला लागला. माई हसल्या नाहीत.

"सांगायचं तरी होतंस."

ट्रेझाने डोळे पुसले. "पहिल्या वर्षीच सांगणार होते. पण पिऊन झाल्यावर तू माझ्याकडे असं बघितलंस, जशी काही किडनीच काढून दिलीस मला. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं गं. मग मला सांगवेना. दर वर्षी वाटायचं, अजून एकदा बघू दे तिला तसं."

माई उठल्या. ताटाळ्यातून पेला घेतला, पातेल्यातलं अंड्याचं दूध त्यात काठोकाठ भरलं.

"माई, नको. कुणी सांगितलंय?"

"मघाशी तळहातावरचं गेलं ते नेहमीचंच समजून गेलं," माई म्हणाल्या. "ते धरायचं नाही."

आणि ट्रेझाकडे बघत, डोळे सताड उघडे ठेवून, त्यांनी घोट घोट करत सगळा पेला संपवला. मध्ये एकदा पदर नाकाला लावला, पण पेला खाली ठेवला नाही. पेला ओट्यावर ठेवला तेव्हा ट्रेझाच्या डोळ्यांत पुन्हा पाणी होतं, आणि या वेळी ते हसण्याचं नव्हतं.

"कसंय?" तिने विचारलं.

"घाण आहे," माई म्हणाल्या. "लोक नाताळला हे मुद्दाम पितात?"