फाइफच्या दगडावरचं नाव

जनीचा नवरा भगवान मालवाहू बोटीवर खलाशी होता. मुलगा हितेश पोटात असतानाच भगवान स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडला. प्रेत तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात सापडलं, आणि फाइफ परगण्यातल्या एका खेड्यात त्याला पुरलं, एवढंच बोटीच्या कंपनीने खेड्याच्या नावासह कळवलं. जनी समुद्रकाठचं मोरा गाव सोडून पनवेलला आली आणि बाजारात मासळी विकत तिने मुलगा वाढवला.

२०१२ साली हितेश नोकरीच्या कामाने एडिंबराला गेला, तेव्हा सुट्टी काढून फाइफलाही जाऊन आला. परतल्यावर त्याने आईला लॅपटॉपवर फोटो दाखवले. दीर दयाराम मोऱ्याहून मुद्दाम आला होता.

आधी सेंट अँड्रूजचं पडकं मोठं चर्च आलं, मग क्रेलचं जुनं दगडी बंदर, लाल कौलांची घरं, धक्क्यावर रचलेले खेकड्यांचे पिंजरे. जनी पाहत होती. शेवटी एका चर्चमागचं गवत आणि त्यात एक बुटका दगड आला. त्यावर ‘भारतीय खलाशी’ एवढंच कोरलेलं. नाव नव्हतंच.

“हाडं आणू या. आपल्यात पुरत नाय, वयनी. अग्नी देऊ, मोऱ्याच्या दर्यात सोडू,” दयाराम म्हणाला.

हितेश म्हणाला, “परवानगी मिळू शकते, काका. मी विचारलंय.”

जनीने विचारलं, “जाल्यात गावला तवा त्यांनी काय केलं?”

“त्या होडीवरचा एक म्हातारा भेटला मला. मासळीसकट जाळं तिथंच कापून टाकलं आणि त्याला घेऊन तसेच माघारी फिरले, म्हणाला. पुरायला सगळा गाव आला होता.”

“जालं कापलं?”

“हो.”

 भरलेलं जाळं कापायचं म्हणजे केवढं नुकसान, हे जनीला कुणी सांगायला नको होतं.

“ऱ्हाऊ दे त्याला तिथंच,” ती म्हणाली. “नाव तेवढं घाल. भगवान, मोरा. आपल्या अक्षरांत.”

दयाराम न जेवताच उठला. वर्षभर तो पनवेलला फिरकला नाही.

पुढच्या पावसाळ्यात तिकडून नाव कोरलेल्या दगडाचा फोटो आला. जनीला वाचता येत नव्हतं. हितेशने वाचून दाखवलं. तिने मान हलवली, “भावजींनाबी धाड,” म्हणाली आणि मासळीची पाटी उचलून बाजाराला निघाली.

संध्याकाळी दयारामचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, “अक्षरं बरी काढलीत, वयनी.”