दोघी बहिणींचा कंगवा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कंगवा आहे. हल्ली आरशाखालच्या खणात, गंजलेल्या पिना आणि संपलेल्या ट्यूब यांच्या संगतीत पडून असतो. कीव करू नका. ऐकून घ्या, तेवढं पुरे.

खुर्चीच्या उरलेल्या लाकडातून मला एका सुताराने घडवलं. त्याच्या दोन्ही मुलींचे केस इतके कुरळे, की बाजारातला कंगवा आत गेला तर दात गमावूनच बाहेर यायचा. म्हणून त्याने माझे दात जाड आणि विरळ ठेवले, टोकं घासून घासून गोल केली. थोरलीला शाळेत 'केरसुणी' म्हणत. धाकटीला कुणी असं काही म्हटलं, तर थोरली त्याच्या अंगावर धावून जायची. आपल्यासाठी मात्र ती कधी भांडली नाही. घरी येऊन आरशासमोर उभी राहायची आणि केस मुठीत धरून खाली ओढत बसायची.

थोरली मोठी झाली. तिने पार्लर काढलं. रसायन लावून केस सरळ करावेत तर तिनेच, असं तिचं नाव झालं. आधी तिने स्वतःचे केस सरळ केले, मग धाकटीचे. "आता बघू, कोण हसतं तुला!" ती म्हणाली. त्या दिवशी दोघी आरशात बघून खूप हसल्या. माझी रवानगी खणात झाली.

पुढे धाकटी एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागली. दारातून आत येणाऱ्याला पहिली तीच दिसायची. तिचं लग्न झालं आणि तिच्या सामानातून मीही नव्या घरच्या खणात आलो. तिला मुलगी झाली. मुळाशी नवे कुरळे केस दिसू लागले की ती ताईकडे जायची. टाळूची आग आग व्हायची आणि ही ओठ चावून बसायची. भांग रुंदावत गेला. तरी ती थांबली नाही. थांबली ती मुलीच्या एका प्रश्नामुळे.

मुलीला घरात सगळे पिटुकली म्हणत. तिचे केस थेट आजोळचे, भुरभुरत्या स्प्रिंगांसारखे. एकदा आई केस विंचरत असताना तिने विचारलं, "आई, मोठी झाले की माझेपण केस तुझ्यासारखे खरे होतील ना?"

आईचा हात थांबला. त्याच संध्याकाळी तिने खण उपसून मला बाहेर काढलं.

मित्रांनो, रसायनाकडे पाठ फिरवली की झालं, असं नसतं. मुळाकडचे केस कुरळे आणि खालचे सरळ. दोन्ही जिथे भेटतात, तिथेच केस तुटतो. म्हणून ती केस ओले असतानाच मला हाती घ्यायची. भरपूर कंडिशनर लावायची, तो नाजूक सांधा वरून बोटांत धरायची आणि टोकाकडून हळूहळू वर यायची. खरखरीत टॉवेलऐवजी जुना मऊ सदरा, उशीला गुळगुळीत खोळ, केस वाळवायचं गरम यंत्र बंद. अधूनमधून ती सरळ टोकं थोडी थोडी कापायची. एकदम सगळे कापायचा धीर तिला झाला नाही. स्वतःचं झालं की पिटुकलीला पुढ्यात घ्यायची. "हेच खरे केस हं," असं तिच्या कानाशी सांगायची. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे.

कौतुक कुणी केलं नाही. डॉक्टर म्हणाले, "जरा नीट येत जा. पेशंट आधीच घाबरलेले असतात." सगळा दवाखाना हसला. नवरा म्हणाला, "कापून मोकळी हो ना एकदाची." आणि ताई तर भडकलीच.

"सख्खी बहीण असा अवतार करून हिंडली, तर माझ्या पार्लरची पायरी कोण चढेल?"

"ताई, हात लावून तरी बघ. किती मऊ आलेत."

ताईने हात लावला नाही. "सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही तुझा!" असं म्हणून ती निघून गेली.

पिटुकलीच्या वाढदिवसाला आई कामावर होती. मावशी शाळेतून तिला परस्पर घेऊन गेली. संध्याकाळी पिटुकली उड्या मारत घरात शिरली, मागून मावशी. केस पाठीवर सरळ, पाण्यासारखे.

"आई, बघ! खरे झाले!"

आईने ते केस बाजूला केले. कानांमागे लाल चट्टे होते, एका ठिकाणी फोड आला होता.

"ताई, पोरीला भाजलंय गं!"

"थोडं पोळतंच. तुला नाही पोळलं? मेलीस का त्याने?" ताईचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "शाळेत तिला काय म्हणतात, माहितीये तुला? मला सांगितलं तिने. तुला नाही सांगितलं."

"काय म्हणतात?"

"केरसुणी."

केसाने गळा कापणं म्हणतात ते असं असतं, मित्रांनो. कापणारीच्या डोळ्यांतही पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी आईने मला त्या केसांतून फिरवलं. मी कुठेही न अडकता सर्रकन खाली आलो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण खोटी आहे. पीळ जळतो. काही दिवसांनी माझ्या दातांत तुटक्या केसांचे पुंजके येऊ लागले, आणि पिटुकली मला डोक्याला लावू देईनाशी झाली.

आईच्या डोक्यावर आता एकही सरळ केस उरलेला नाही. दाट, काळेभोर कुरळे केस आहेत तिचे. ती ते बोटांनीच सोडवते. मला बाहेर काढलं की पिटुकली खोली सोडून जाते, म्हणून काढत नाही.

"आई, आता मला कुणीच हसत नाही," परवा पिटुकली आनंदाने म्हणाली.

केसांची निगा कशी राखावी, हे मला तुम्हाला शिकवता आलं असतं. पण ती निगा त्या माउलीने राखलीच होती. पिटुकलीला हसणारी मुलं तुमच्याच वयाची आहेत. केस तिची आई जपत होती. तुम्ही नुसती जीभ जपायची होती.